ऑलिम्पिकचा ध्वजधारक, कोहिमाचा डॉक्टर

२९ जुलै १९४८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर ऑलिम्पिक क्रीडास्पर्धांचे उद्घाटन झाले. स्वतंत्र भारताचे पथक या संचलनात प्रथमच सहभागी होत होते. पथकाच्या अग्रभागी तिरंगा घेऊन चालणारा खेळाडू तीस वर्षांचा होता आणि कोलकात्यात वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेत होता. नागा टेकड्यांतील एका लहानशा गावातून आलेल्या या खेळाडूकडेच भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधारपदही होते. तालिमेरेन आओ हे त्यांचे नाव. कोलकात्याचे फुटबॉलप्रेमी त्यांना टी. आओ या सुटसुटीत नावाने ओळखत.

स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचे पहिले कर्णधार म्हणून क्रीडा इतिहासात आओ यांची नोंद आहे. मात्र या नोंदीत त्यांचे अर्धेच आयुष्य येते. ज्या वयात नाव आणि कीर्ती दोन्ही हाताशी होती, त्याच वयात त्यांनी मैदान सोडले आणि डोंगराळ मुलखातल्या रुग्णालयाची वाट धरली. हा निर्णय ऐन वेळी घेतलेला नव्हता. वडिलांना दिलेल्या शब्दापायी तो कितीतरी आधी ठरून गेला होता.

आओ यांचा जन्म २८ जानेवारी १९१८ रोजी चांगकी या गावी झाला. हे गाव आज नागालँडच्या मोकोकचुंग जिल्ह्यात आहे. त्या काळी हा सारा प्रदेश आसाममधील नागा टेकड्या जिल्ह्याचा भाग होता. आओ हे त्यांच्या जमातीचे नाव, आणि तेच ते आडनावासारखे लावत. वडील रेव्हरंड सुबोंगवाती हे बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते. बारा भावंडांमध्ये तालिमेरेन चौथे. वडिलांच्या कामामुळे कुटुंब इंपूर येथील मिशनच्या वसाहतीत राहावयास आले. अमेरिकन बाप्टिस्ट मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे आपले केंद्र उभारले होते. शाळा, दवाखाना आणि प्रार्थनामंदिर यांबरोबर मिशनने या डोंगरात आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे फुटबॉल. मिशनच्या आवारात चिंध्यांचा चेंडू करून मुले अनवाणी खेळत. तालिमेरेन यांचे पहिले धडे याच खेळात गिरवले गेले.

पुढील शिक्षणासाठी ते जोरहाटच्या मिशन शाळेत दाखल झाले. तेथे शिकत असतानाच, १९३५ साली, विषमज्वराने वडिलांचे निधन झाले. मुलाने डॉक्टर व्हावे आणि आपल्या लोकांची सेवा करावी, ही वडिलांची अखेरची इच्छा होती. त्या काळी नागा टेकड्यांत वैद्यकीय उपचार मिळणे किती दुरापास्त होते, हे लक्षात घेतले म्हणजे या इच्छेमागील तळमळ समजते. ज्या रोगाने या धर्मोपदेशकाचा बळी घेतला, त्यावर तोपर्यंत खात्रीचे औषधच उपलब्ध नव्हते. जे थोडेफार करता येण्यासारखे होते, तेही डोंगरावरील माणसापर्यंत क्वचितच पोहोचत असे. कर्त्या पुरुषाच्या माघारी एवढ्या मोठ्या कुटुंबातील मुलाने वैद्यकीय शिक्षणाचा खर्चिक मार्ग धरणे सोपे नव्हते. तालिमेरेन यांनी तो धरला.

जोरहाटनंतर ते गुवाहाटीच्या कॉटन महाविद्यालयात आले. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांमध्ये उड्या, धावणे, व्हॉलीबॉल अशा अनेक प्रकारांत त्यांनी भाग घेतला. तथापि त्यांचे खरे नाव झाले ते फुटबॉलमध्ये. गुवाहाटीच्या महाराणा क्लबकडून ते खेळू लागले. सुरुवातीला आघाडीच्या फळीत खेळणारा हा उंच, काटक तरुण पुढे मधल्या फळीत स्थिरावला. याच क्लबातील त्यांचे सहकारी शरत दास यांची कोलकात्याच्या मोहन बागान क्लबाशी गाठ पडलेली होती. आओ यांच्या पुढील वाटचालीत ही मैत्री मोलाची ठरली.

१९४२ मध्ये त्यांना कोलकात्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. हेच महाविद्यालय १९४८ पासून आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालय या नावाने ओळखले जाते. कोलकात्यात शिकायला आलेल्या फुटबॉलपटूचे पाय मैदानाकडे वळले नाहीत तरच नवल. १९४३ मध्ये आओ मोहन बागान संघात दाखल झाले.

मोहन बागान हे नाव त्या काळी केवळ एका क्लबाचे नाव राहिलेले नव्हते. २९ जुलै १९११ रोजी या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सैनिकांना २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली होती. फाळणीच्या चळवळीने तापलेल्या बंगालमध्ये या विजयाचा अर्थ मैदानापुरता उरला नाही. त्या अकरा खेळाडूंपैकी दहा जण अनवाणी खेळले होते. बूट घालणारे एकटे रेव्हरंड सुधीर चटर्जी, तेही ख्रिस्ती धर्मोपदेशकच. १९११ च्या त्या विजयाची तारीख आणि १९४८ च्या ऑलिम्पिक संचलनाची तारीख एकच असावी, हा योगायोग मोहन बागानच्या चाहत्यांना आजही सुखावतो.

या संघात आओ सेंटर हाफ म्हणून खेळत. आजच्या प्रेक्षकाला ही जागा थोडी समजावून सांगावी लागेल. त्या वेळी भारतात संघाची मांडणी दोन, तीन, पाच अशी असे. गोलरक्षकापुढे दोन बचावपटू, त्यांच्यापुढे तिघांची मधली फळी आणि सर्वांत पुढे पाच आक्रमक. मधल्या फळीच्या मध्यभागी उभा असलेला सेंटर हाफ हा साऱ्या संघाचा कणा मानला जाई. प्रतिस्पर्ध्याचा मुख्य आक्रमक चाल करून आला की त्याला अडवायचे ते यानेच, आणि चेंडू हिसकावून आपल्या आघाडीला पुरवायचा तोही यानेच. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाल्यानंतर इंग्लंडमधील संघांनी या खेळाडूला मागे ओढून तिसरा बचावपटू केला. लंडनचा आर्सेनल क्लब या बदलात आघाडीवर होता. भारतात मात्र जुनीच मांडणी १९५० च्या दशकापर्यंत चालत राहिली. परिणामी येथील सेंटर हाफला बचाव आणि आक्रमण या दोन्ही आघाड्यांवर सत्तर मिनिटे धावावे लागे. आंतरराष्ट्रीय सामना असेल तर नव्वद मिनिटे. आओ यांची उंची, दमसास आणि प्रतिस्पर्ध्याची चाल आधीच ओळखण्याची हातोटी यांमुळे ही जागा त्यांना शोभून दिसली. त्यांच्यावर संघाची मदार राहू लागली आणि यथावकाश कर्णधारपदही त्यांच्याकडे आले.

हा काळ कोलकात्याच्या दृष्टीने अत्यंत खडतर होता. जपानी बॉम्बहल्ल्यांचे सावट, १९४३ चा भीषण दुष्काळ, १९४६ मधील दंगली आणि पाठोपाठ फाळणी. रस्त्यांवर भूकबळी पडत असताना मैदानावर सामने होत होते, ही विसंगती त्या शहराने अनुभवली. याच धामधुमीत मोहन बागानने १९४३ आणि १९४४ असे लागोपाठ दोन वर्षे कोलकाता लीगचे विजेतेपद पटकावले. १९४४ मध्ये एप्रिल ते जून या महिन्यांत आओ यांच्या जन्मभूमीत, कोहिमाच्या टेकड्यांवर, ब्रिटिश आणि जपानी सैन्यांची घनघोर लढाई सुरू होती. त्यातून ते शहर पार उद्ध्वस्त झाले. घरापासून शेकडो मैल दूर असलेल्या या विद्यार्थ्याचे दिवस मात्र शवविच्छेदनाचे वर्ग, रुग्णालयातील फेऱ्या आणि संध्याकाळचे मैदान यांत विभागलेले होते. खेळामुळे त्यांचा अभ्यासक्रम लांबला असेल, तरी सुटला नाही. हेच विशेष म्हणावे लागेल, कारण कोलकात्याच्या मैदानाने अनेकांची पुस्तके कायमची मिटवली आहेत.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी भारताचा फुटबॉल संघ निवडण्यात आला, तेव्हा स्वातंत्र्याला एक वर्षही पूर्ण झाले नव्हते. फुटबॉलमध्ये ऑलिम्पिक खेळण्याची भारताची ही पहिलीच वेळ होती. बलाईदास चटर्जी प्रशिक्षक होते. संघात बचावपटू शैलेन मन्ना, आक्रमक साहू मेवालाल, चेंडूवर विलक्षण हुकूमत असलेले बंगळुरूचे अहमद खान, सारंगपाणी रामन अशी नामांकित मंडळी होती. निरनिराळ्या प्रांतांतून, निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या या खेळाडूंचे नेतृत्व आओ यांच्याकडे सोपविण्यात आले. शिवाय संपूर्ण भारतीय पथकाचा ध्वजही त्यांच्याच हाती देण्यात आला. त्या पथकात हॉकीचे दिग्गज होते, तसेच कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव हा तरुण मल्लही होता. चार वर्षांनी हेलसिंकीत तो स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणार होता.

ध्वजधारकाच्या या निवडीला आणखी एक पदर आहे. १४ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे भारताच्या स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, नागा नॅशनल कौन्सिलने नागांचे स्वातंत्र्य वेगळे जाहीर केले होते. नागा टेकड्यांचे भवितव्य काय, हा प्रश्न १९४८ मध्ये धुमसत होता आणि पुढील अनेक दशके धुमसत राहिला. अशा वेळी त्याच टेकड्यांतील एका धर्मोपदेशकाचा मुलगा तिरंगा घेऊन जगासमोर चालला. निवड करणाऱ्यांच्या मनात राजकीय विचार असो वा नसो, वेम्बलीवरील त्या दृश्याला निव्वळ क्रीडावार्ता म्हणणे कठीण आहे.

३१ जुलै रोजी लंडनच्या पूर्वेकडील इलफर्ड येथील क्रिकलफील्ड मैदानावर भारताची गाठ फ्रान्सशी पडली. भारताच्या अकरा खेळाडूंपैकी आठ जण अनवाणी मैदानात उतरले, तेव्हा प्रेक्षकांत कुतूहलाची लाट पसरली. घोट्याभोवती पट्टी बांधून, बोटांनी चेंडूला दिशा देत खेळणारे फुटबॉलपटू तेथील लोकांनी पाहिले नव्हते. भारतीयांना मात्र यात काही अप्रूप नव्हते. लहानपणापासून सवय तीच, आणि बुटांपेक्षा उघड्या पायाला चेंडू अधिक चांगला कळतो अशी त्यांची श्रद्धा होती. अर्थात या श्रद्धेत गरिबीचाही वाटा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सामना अटीतटीचा झाला. पूर्वार्धात सुमारे अर्ध्या तासाने रेने कूर्बें यांनी फ्रान्सचा पहिला गोल केला. भारताने हार मानली नाही. उत्तरार्धात सत्तराव्या मिनिटाला सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली. ऑलिम्पिक फुटबॉलमधील भारताचा हा पहिला गोल. या सामन्यात भारताला दोन पेनल्टी मिळाल्या आणि त्या दोन्ही वाया गेल्या. त्यांतील एक फटका शैलेन मन्ना यांच्यासारख्या भरवशाच्या खेळाडूचा होता. सामना बरोबरीत संपणार असे वाटत असतानाच ८९ व्या मिनिटाला रेने पेर्सियाँ यांनी फ्रान्सचा दुसरा गोल नोंदविला आणि भारत १-२ असा पराभूत झाला. हाच फ्रान्सचा संघ पुढच्या फेरीत यजमान ब्रिटनकडून केवळ एका गोलाने हरला, यावरून भारताची झुंज किती तोलामोलाची होती याची कल्पना येते.

अनवाणी खेळण्याविषयी पत्रकारांनी छेडले असता या खेळाच्या नावात पाय आहे, बूट नाही, अशा आशयाचे मार्मिक उत्तर आओ यांनी दिले, असे आवर्जून सांगितले जाते. हजरजबाबीपणाचा हा किस्सा इतक्या वेळा आणि इतक्या रूपांत सांगितला गेला आहे की त्याची आता दंतकथा झाली आहे. मात्र कौतुकाच्या भरात एक गोष्ट झाकली जाते. चार वर्षांनी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये, भारत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा दणदणीत हरला. थंड हवामानात आणि ओल्या गवतावर उघडे पाय तग धरू शकले नाहीत. त्यानंतर भारतात बूट सक्तीचे झाले. इलफर्डच्या त्या दुपारी भारताला मिळालेल्या टाळ्या खऱ्या होत्या, पण अनवाणी फुटबॉलचे दिवस सरत आले आहेत याची खूण त्या टाळ्यांतून पटणारी नव्हती.

१२ ऑगस्ट रोजी भारतीय हॉकी संघाने ब्रिटनला ४-० असे नमवून सुवर्णपदक जिंकले. देशभर आनंदाला उधाण आले. पहिल्याच सामन्यात बाद झालेल्या फुटबॉल संघाची आठवण त्या जल्लोषात मागे पडली, हे साहजिकच होते. लंडनमधील स्पर्धा आटोपल्यावर या संघाने युरोपात काही मैत्रीपूर्ण सामने खेळले.

आर्सेनल क्लबने आओ यांना एका वर्षाच्या कराराचा प्रस्ताव दिला होता, अशीही हकीकत सांगितली जाते. ज्या क्लबाने सेंटर हाफची जागाच नव्याने घडवली, त्याच क्लबाला भारताचा हा सेंटर हाफ भावला असेल तर त्यात आश्चर्य नाही. आओ यांनी नकार दिला, कारण वैद्यकीय शिक्षणाचा शेवटचा टप्पा बाकी होता. स्वीकारला असता तर भारतीय फुटबॉलच्या इतिहासाला निराळे वळण लागले असते, अशी हळहळ आजही क्रीडाप्रेमी व्यक्त करतात. ही हळहळ मैदानाच्या बाजूने पाहणाऱ्यांची आहे. इंपूरहून पाहिल्यास या नकाराचे मोल वेगळे दिसते. वडिलांच्या निधनाला तेरा वर्षे झाली होती आणि दिलेला शब्द अजून पुरा व्हायचा होता.

१९५० मध्ये आओ एम.बी.बी.एस. झाले. १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या आणि भारतीय फुटबॉल संघाने शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली सुवर्णपदक पटकावले. भारतीय फुटबॉलचे सुवर्णयुग म्हणून ओळखला जाणारा काळ येथून सुरू झाला. त्याची पायाभरणी करणाऱ्यांपैकी एक असलेले आओ मात्र त्या यशात नव्हते. त्यांनी काही काळ दिब्रुगढच्या आसाम वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात काम केले. कोलकात्यात नाव कमावलेल्या डॉक्टर खेळाडूला त्या महानगरात मानाची नोकरी आणि चांगला जम बसविणे अवघड नव्हते. परंतु १९५३ मध्ये ते सहायक सिव्हिल सर्जन म्हणून कोहिमा येथे रुजू झाले.

ती वर्षे डॉक्टरची कसोटी पाहणारी होती. महायुद्धात बेचिराख झालेले कोहिमा पुरते सावरलेले नव्हते. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून नागा टेकड्यांत सशस्त्र बंडखोरी आणि लष्करी कारवाई सुरू झाली. १९५८ मध्ये सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा लागू झाला. या संघर्षाची झळ गावोगावच्या सामान्य माणसांना बसत होती. डोंगरवाटा, तुटपुंजी औषधे आणि सतत अशांततेचे वातावरण यांत सरकारी रुग्णालय चालविणे म्हणजे तारेवरची कसरत होती. सरकारी नोकरीतील नागा डॉक्टर म्हणून आओ यांच्याकडे दोन्ही बाजूंचे डोळे लागलेले असणार, हे उघड आहे. त्यांनी आपले काम सोडले नाही.

१ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड हे भारताचे सोळावे राज्य म्हणून अस्तित्वात आले. नव्या राज्याची आरोग्यव्यवस्था उभारण्याच्या कामात आओ यांचा वाटा होता, आणि पुढे ते राज्याचे आरोग्यसेवा संचालक झाले. विषमज्वराने वडील गमावलेल्या मुलाकडे आता त्याच डोंगरातील सर्व रुग्णालयांची आणि दवाखान्यांची जबाबदारी होती. ते १९७८ मध्ये सेवानिवृत्त झाले. मैदानावरील कारकीर्द दहा वर्षांच्या आसपासची, तर वैद्यकीय सेवा त्याच्या जवळजवळ तिप्पट.

या अवधीत देशाला त्यांचा जवळजवळ विसर पडला. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले. आओ यांच्या बरोबरीने खेळलेले शैलेन मन्ना १९७१ मध्ये पद्मश्रीने सन्मानित झाले. आओ यांचे नाव या दोन्ही याद्यांत आढळत नाही. दिल्ली आणि कोलकाता यांपासून दूर राहणाऱ्याची आठवण उशिरा होते, हा अनुभव ईशान्येकडील अनेकांना आलेला आहे. आओ यांच्या बाबतीत तो अधिक बोचतो, कारण देशाचा ध्वज त्यांच्या हाती देताना हे अंतर आड आले नव्हते. आसाममध्ये मात्र त्यांची स्मृती टिकून राहिली. ज्या कॉटन महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले, तेथील क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले, तसेच कालियाबोर येथील मैदानही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

१३ सप्टेंबर १९९८ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, डॉ. आओ यांचे निधन झाले. २००९ पासून ईशान्येकडील राज्यांसाठी त्यांच्या नावाने फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. त्या सुमारास मणिपूर, मिझोराम आणि मेघालय येथील तरुण देशातील नामवंत क्लबांमध्ये मोठ्या संख्येने दिसू लागले होते. १९४३ मध्ये आओ एकटेच ज्या वाटेने कोलकात्याला गेले, ती आता गजबजलेली होती. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१८ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले.